बाप्तिस्मा, पुनरुत्थानाचा सण आणि ख्रिस्ती जीवनव्यवहार : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विदर्भाच्या धार्मिक इतिहासात वर्धा जिल्ह्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. सेवाग्राम, पवनार आणि मगनवाडी या स्थळांमुळे हा जिल्हा गांधीविचाराचे केंद्र म्हणून ओळखला जातो. त्यामुळे येथील धर्मजीवनाचा विचारही बहुधा सर्वधर्मप्रार्थना, अस्पृश्यतानिवारण आणि भूदान यांच्या संदर्भातच केला जातो. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प आहे. एकूण लोकसंख्येत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी असल्याने इतिहासलेखनात त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही. परंतु धर्मांतर म्हणजे काय, बाप्तिस्मा घेतल्याने माणसाचे नेमके काय बदलते आणि बाप्तिस्म्याविना ख्रिस्ताचे अनुयायी होता येते काय, या प्रश्नांची चर्चा विसाव्या शतकात ज्या मोजक्या ठिकाणी गांभीर्याने झाली त्यांत वर्ध्याचा समावेश करावा लागतो.

ख्रिस्ती जीवनाचे दोन आधार सामान्यतः सांगितले जातात. पहिला बाप्तिस्मा आणि दुसरा पुनरुत्थानाचा सण, म्हणजेच ईस्टर. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. ईस्टर दरवर्षी येतो. बाप्तिस्म्याची नोंद वहीत होते, ती प्रमाणपत्राच्या रूपाने न्यायालयात व कचेरीत जाते. ईस्टरची नोंद कोठेही होत नाही. ती कुटुंबाच्या वर्षक्रमात, उपवासात, लग्नाच्या मुहूर्तात आणि स्मशानभूमीतील पहाटेच्या प्रार्थनेत राहते. समाजाने आणि शासनाने ख्रिस्ती माणसाला पाहिले ते प्रामुख्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीतून. ख्रिस्ती माणूस स्वतः जगत आला तो मात्र या दोहोंच्या परस्परसंबंधातून. या दोन दृष्टींतील अंतर हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) बाप्तिस्मा आणि ईस्टर यांचा मूळ संबंध स्पष्ट करणे. २) मराठी ख्रिस्ती परंपरेत या दोन संस्कारांना आलेला सामाजिक अर्थ पाहणे. ३) वर्धा व परिसरात बाप्तिस्म्याविषयी झालेल्या चर्चेचे ऐतिहासिक महत्त्व तपासणे. ४) कायद्याच्या दृष्टीने बाप्तिस्म्याचे परिणाम नोंदविणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून जिल्ह्याबाहेरील घटनांचा उल्लेख वर्ध्यातील परिस्थिती समजण्यास आवश्यक तेथेच केला आहे.

बाप्तिस्मा व ईस्टर : मूळ संबंध :

आज बाप्तिस्मा हा जन्मानंतरचा विधी आणि ईस्टर हा वसंत ऋतूतील सण अशी दोन वेगळी प्रकरणे वाटतात. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत ती तशी नव्हती. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याचा अर्थ ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे असा सांगितला आहे. पाण्यात उतरणे हे थडग्यात जाणे आणि पाण्यातून वर येणे हे पुनरुत्थान, अशी ही कल्पना आहे. त्यामुळे पहिल्या काही शतकांत प्रौढ उमेदवारांना बाप्तिस्मा देण्याची प्रमुख वेळ ईस्टरची रात्र ही मानली जात असे. त्याआधी उमेदवारांना दीर्घकाळ शिक्षण दिले जाई, शेवटच्या आठवड्यांत उपवास व प्रार्थना होई. ज्यास आज आपण लेंट, प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ म्हणतो त्या चाळीस दिवसांच्या घडणीत बाप्तिस्म्याच्या या पूर्वतयारीचा मोठा वाटा आहे.

पुढे ख्रिस्ती धर्म युरोपात राजमान्य झाला आणि अर्भकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला. मूल जन्मल्यावर लवकरात लवकर बाप्तिस्मा देण्याची प्रथा पडल्याने त्याचा ईस्टरशी असलेला कालसंबंध तुटला. कॅथलिक चर्चमध्ये हा संबंध विधिपूर्वक पुन्हा जोडण्याचे काम विसाव्या शतकात झाले. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये ईस्टरचा रात्रीचा जागर प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू केला आणि १९५५ च्या सुधारणेने तो सर्वत्र लागू केला. त्यात उपस्थित सर्व भाविकांनी हातात मेणबत्ती घेऊन आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारण्याचा विधी समाविष्ट झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ही उपासना लोकभाषांत होऊ लागली. मराठी कॅथलिक कुटुंबांना ती वचने मातृभाषेत म्हणता येऊ लागली ती त्यानंतर. अर्भकावस्थेत दुसऱ्यांनी दिलेले वचन प्रौढपणी दरवर्षी स्वतःच्या तोंडाने म्हणणे, हा ईस्टरचा दैनंदिन जीवनाशी असलेला सर्वांत स्पष्ट दुवा होय.

मराठी परंपरा : नव्या जन्माची किंमत :

बाप्तिस्मा आणि पुनरुत्थान या विषयांवरील मराठीतील पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. तो १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापला गेला. त्याचा दुसरा भाग ख्रिस्ताचे जन्म, मरण व पुनरुत्थान वर्णितो. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी वाचण्या-ऐकण्यासाठी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओवी छंदात काही तरी हवे होते. या गरजेतून हा ग्रंथ झाला. बाप्तिस्मा एका दिवसात होतो, परंतु त्यानंतरच्या रोजच्या जीवनाला भाषा, गीते व कथा लागतात, ही जाणीव मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभीच दिसते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या कार्यातून जे मराठी ख्रिस्ती झाले त्यांच्या आयुष्यात बाप्तिस्मा हा सामाजिक मृत्यूही ठरला. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र घर, जात आणि श्रद्धा यांच्यातील ओढाताणीचा मौलिक दस्तऐवज आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि बाप्तिस्म्याबरोबर एखाद्या चर्चची सर्व मते आपोआप स्वीकारली जातात हे त्यांनी मान्य केले नाही. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा आग्रह सातत्याने दिसतो. आध्यात्मिक अनुभव आपल्याला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी आला, असेही त्यांनी पुढे सांगितले.

या संदर्भात नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते, कारण टिळकांच्या जीवनातील निर्णायक काळ नागपूर व राजनांदगाव या तत्कालीन मध्य प्रांतातील गावी गेला. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे तर भारतीय पाळकाच्या हातून. आपले नाव, आडनाव, भाषा आणि काव्य यांपैकी काहीही त्यांनी सोडले नाही. परंतु त्या एका दिवसाने पती-पत्नींची अनेक वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' मध्ये या ताटातुटीचे तपशील येतात ते धर्मचर्चेच्या रूपात नव्हे. कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे, कोणती चूल वेगळी ठेवावयाची, मूल कोणाकडे राहावयाचे, असे ते प्रश्न आहेत. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे लक्ष्मीबाईंना आधी पटले आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जीवनव्यवहारातील बदल आधी व संस्कार नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडून सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना स्थान होते. स्वतः बाप्तिस्म्याची पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाने ही मुभा ठेवली, यात त्या काळातील मराठी ख्रिस्ती मनातील प्रश्न उघड होतो. बाप्तिस्म्याने समाजाशी संबंध तुटत असेल तर नव्या जीवनाची साक्ष द्यावयाची कोणाजवळ ? ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढू शकला नाही. पण प्रश्न उरला, आणि वीस वर्षांच्या आत तो वर्ध्यात पुन्हा उभा राहिला.

मध्य प्रांतातील मिशनकार्य व वर्धा :

नागपूर येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये सुरू केले. त्या वेळी नागपूर भोसल्यांच्या ताब्यात होते. १८५४ मध्ये हे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. वर्धा हे शहर १८६६ मध्ये पालकवाडी या गावाच्या जागी वसविण्यात आले. हिस्लॉप यांचा मृत्यू ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट परिसरात नाला ओलांडताना बुडून झाला. त्यांच्या मिशनच्या शाखा पुढे वर्धा, भंडारा अशा गावी गेल्या.

या मिशनचा प्रेस्बिटेरियन संप्रदाय ख्रिस्ती आईबापांच्या अर्भकांना बाप्तिस्मा देतो आणि प्रौढ धर्मांतरितांना शिक्षणानंतर देतो. म्हणजे एका कुटुंबात वडिलांचा बाप्तिस्मा हा निर्णय असे, तर मुलाचा बाप्तिस्मा हा वारसा. पहिल्या पिढीला तो दिवस, साक्षीदार, नातेवाइकांचा रोष सारे आठवे. दुसऱ्या पिढीला फक्त नोंद असे. हा फरक वर्ध्यासारख्या लहान मंडळीत फार जाणवणारा असतो, कारण तेथे ख्रिस्ती वस्ती विस्तृत नाही, शेजारी ख्रिस्ती नाहीत, आणि सोयरीक जुळवावयाची तर बहुधा नागपूर, अमरावती किंवा त्यापलीकडे पाहावे लागते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांतात हाहाकार उडविला. अनेक अनाथ मुले मिशनांच्या अनाथालयांत आली. पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया केडगाव-पुणे येथे नेल्या. भुकेलेल्या मुलाला अन्न देणे आणि त्याला बाप्तिस्मा देणे यांतील सीमारेषा कोणती, हा आक्षेप तेव्हापासून मिशनांवर घेतला जाऊ लागला. मिशनांची बाजू अशी होती की ज्या मुलांचे कोणीच उरले नाही त्यांना कुटुंब, नाव व शिक्षण देताना श्रद्धेपासून वंचित ठेवणे योग्य नव्हे. आक्षेपकांची बाजू अशी की ज्याला नकार देण्याची शक्तीच नाही त्याची संमती ही संमती नव्हे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढच्या अर्धशतकातील धर्मांतरविषयक वादाची बीजे येथे आहेत.

बाप्तिस्म्याविना अनुयायित्व : वर्ध्यातील चर्चा :

महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव (पुढील सेवाग्राम) येथे राहावयास गेले. याच दरम्यान, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवला येथे हिंदू धर्मत्यागाची घोषणा केली होती. अस्पृश्य समाज कोणता धर्म स्वीकारणार याकडे सर्व धर्मसंस्थांचे लक्ष लागले. नोव्हेंबर १९३६ मध्ये जागतिक मिशनचळवळीचे नेते जॉन मॉट गांधीजींना शेगाव येथे भेटले. या भेटीत गांधीजींनी दलितांच्या सामूहिक धर्मांतरासाठी चाललेल्या स्पर्धेस स्पष्ट विरोध केला. त्यांच्या मते सेवा निरपेक्ष असावी आणि श्रद्धा ही जीवनातून प्रकट व्हावी, संख्यावाढीतून नव्हे.

या भूमिकेला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. ज्याला गावात विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही त्याने आपला धर्म बदलण्याचा निर्णय घेतला, तर तो केवळ ऐहिक हेतूने घेतला असे म्हणण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला ? त्याच्या दृष्टीने पाणी हेच अपमानाचे चिन्ह होते. त्याच पाण्याने सर्वांबरोबर एका पात्रातून बाप्तिस्मा घेणे हा आध्यात्मिक आणि सामाजिक असा दुहेरी अर्थ असलेला अनुभव होता. या दोन अर्थांना वेगळे करणे त्याला शक्य नव्हते आणि आवश्यकही वाटत नव्हते.

वर्ध्याच्या गांधीवर्तुळात स्वतः बाप्तिस्मा झालेले, ख्रिस्ती घरांत वाढलेले काही महत्त्वाचे कार्यकर्ते होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झाला. त्याचे संघटक जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील होते. राजकुमारी अमृत कौर यांचे वडील राजा हरनामसिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. नई तालीमचे कार्य सांभाळणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम हेही श्रीलंकेतील तमिळ ख्रिस्ती घराण्यातले. यांपैकी कुमारप्पांनी आपल्या श्रद्धेचा अर्थ ग्रंथरूपाने मांडला. येशूच्या शिकवणुकीचे आचरण व अर्थव्यवहार या विषयांवरील त्यांची पुस्तके १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजची भाकरी कोणत्या मार्गाने मिळवावी, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने उपासनेइतकाच धार्मिक होता. तेलघाणी, हातकुटाईचा तांदूळ आणि हातकागद यांचा प्रचार करणारा हा कार्यकर्ता बाप्तिस्म्याचा अर्थ कृतीत शोधत होता, असे म्हणता येईल.

या संदर्भात तुलनेने अपरिचित राहिलेले नाव एस. के. जॉर्ज यांचे आहे. केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती परंपरेतील जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात अध्यापक होते. सविनय कायदेभंगाला पाठिंबा दिल्याने १९३२ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. गांधीजींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये निघाले. पुढे ते वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते. एप्रिल १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यातील एकमेव ख्रिस्ती सदस्य म्हणून जॉर्ज यांची निवड झाली. अनेक ख्रिस्ती संघटनांनी, ते आपले प्रतिनिधी नाहीत, असा आक्षेप घेतला. बाप्तिस्मा झालेला, धर्मशास्त्र शिकलेला माणूसही आपल्याच समाजाला परका वाटू शकतो, हे या प्रसंगातून दिसते.

नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धर्मांतरावर नियंत्रण असावे असा कल होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यामुळे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेला धर्मस्वातंत्र्य कायदा वर्ध्यास लागू झाला नाही. मात्र ज्या चर्चेतून तो कायदा जन्मला तिच्यात वर्ध्याचा सहभाग होता.

याच भूमीत पवनार येथे विनोबा भावे यांनी नव्या करारातील निवडक वचनांचा 'ख्रिस्तधर्मसार' सिद्ध केला. ख्रिस्ताची शिकवण बाप्तिस्म्याविना आदराने आत्मसात करण्याची ही परंपरा ख्रिस्ती समाजास एकाच वेळी आनंदाची व अडचणीची वाटते. आनंद स्वीकाराचा, अडचण ही की मंडळीचे सहजीवन, प्रभुभोजन आणि मृत्यूनंतरची आशा यांचा त्यात समावेश होत नाही.

नोंदवही आणि कायदा :

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्मपिता व धर्ममाता आणि पाळकाची सही असते. शासकीय जन्मनोंदणी सर्वत्र अनिवार्य करणारा कायदा १९६९ चा. त्यापूर्वीच्या काळात ख्रिस्ती कुटुंबांस ही वही जन्माच्या पुराव्याचे काम देत असे. विवाहासाठी, दृढीकरणासाठी, एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी आजही हा उतारा लागतो.

या नोंदीचे कायदेशीर परिणाम दोन दिशांनी झाले. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केल्यास विवाहविच्छेदाची वाट मोकळी केली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाची चौकट दिली. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६ व्या कलमानुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या संततीस, ती त्या वेळी हिंदू नसल्यास, हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. धर्मांतरित व्यक्तीचा स्वतःचा हक्क राहतो. तिच्या मुलांचा जातो. आजोबांच्या शेतावर नातवाचा हक्क उरला की नाही, हे त्याच्या वडिलांनी बाप्तिस्मा कधी घेतला यावर अवलंबून राहते.

सर्वांत दूरगामी परिणाम १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा झाला. त्यानुसार आरंभी केवळ हिंदू, १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या एका चर्मकाराचे आव्हान फेटाळले. धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अडथळे तेवढ्याच तीव्रतेने टिकून आहेत हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र शासनाने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीचा दाखला मागणारा दावा नाकारला, त्यात तिचा अर्भकावस्थेतील बाप्तिस्मा आणि चर्चमधील नियमित उपस्थिती हे मुद्दे ग्राह्य धरले गेले.

विदर्भाच्या दृष्टीने यातील विसंगती ठळक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने या प्रदेशाचा सामाजिक चेहरा बदलला आणि वर्धा जिल्ह्यातही बौद्ध समाज मोठ्या संख्येने आहे. एकाच मूळ जातीतील दोन कुटुंबे, एक बाप्तिस्मा घेतलेले व दुसरे दीक्षा घेतलेले, शेजारी राहत असली तर १९९० नंतर त्यांच्या मुलांचे शैक्षणिक व नोकरीविषयक हक्क भिन्न ठरतात. त्यामुळे घरात प्रार्थना एक आणि कागदावर धर्म दुसरा असा मार्ग काही कुटुंबे स्वीकारतात. काही बाप्तिस्माच लांबणीवर टाकतात. याला केवळ लबाडी म्हणणे सोपे आहे. परंतु श्रद्धा आणि मुलांचे भवितव्य यांत निवड करावयास लावणारी परिस्थिती त्यांनी निर्माण केलेली नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

वर्षचक्र आणि दैनंदिन जीवन :

ईस्टरची तारीख चंद्रावर अवलंबून असते. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येतो आणि मराठी पंचांगातील फाल्गुन अथवा चैत्र पौर्णिमेच्या आसपास राहतो. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला व ईस्टर ९ एप्रिलला होता. मराठी बायबलमधील 'वल्हांडण सण' हा शब्द याच पौर्णिमेशी निगडित यहुदी सणासाठी आहे.

विदर्भात हा काळ कापूस घरी येऊन विकला गेल्यानंतरचा, गहू-हरभऱ्याची काढणी आटोपल्याचा आणि उन्हाच्या झळांचा असतो. गावात लग्नसराईचे वेध लागलेले असतात. कॅथलिक परंपरेत उपवासकाळात विवाह टाळले जातात, म्हणून ख्रिस्ती घरांतील लग्ने ईस्टरनंतर सुरू होतात. भस्मबुधवारपासून मांसाहार व करमणूक कमी करणे, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करणे, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळी घरी आणून ठेवणे, या आचारांतून चाळीस दिवस घराचे स्वयंपाकघर, खर्च व वेळ यांना वेगळी शिस्त लागते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपवासाचे नियम सैल असले तरी उत्तम शुक्रवारी क्रुसावरील सात उद्गारांवर दुपारची उपासना होते. ईस्टरच्या पहाटे स्मशानभूमीत प्रार्थना करण्याची रीत भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आहे. कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले ठेवली जातात आणि सूर्योदयाबरोबर पुनरुत्थानाची गीते गाइली जातात.

अल्पसंख्य समाजाच्या दृष्टीने या पहाटेच्या प्रार्थनेचा अर्थ विशेष आहे. ज्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला गावातील कुलदैवत, भावकीची स्मशानभूमी व पितृपक्ष यांपासून वेगळे व्हावे लागले. पूर्वजांशी असलेले त्याचे नाते बाप्तिस्म्याने तोडले असे शेजाऱ्यांना वाटते. ईस्टरच्या पहाटे मात्र तो आपल्या मृतांपाशी उभा असतो. बाप्तिस्म्याने ज्या वंशपरंपरेपासून त्याला दूर केले तिच्या जागी दुसरी परंपरा ईस्टरने दरवर्षी थोडीथोडी उभी केली आहे. रविवार हाही मुळात पुनरुत्थानाचा दिवस. म्हणून आठवड्याची उपासना हे लहान ईस्टरच होय. दाराशी येणाऱ्या पाहुण्याला दिलेले जेवण, आजाऱ्यासाठी घरोघर होणारी प्रार्थना, नवीन नोकरी वा घर यांसाठी बोलाविलेली उपकारस्तुतीची सभा, हे सर्व त्याच चक्रात बसते.

एका जिल्ह्यातील विविध परंपरा :

वर्ध्यातील ख्रिस्ती समाज लहान असला तरी एकजिनसी नाही. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या एकीकरणातील एक कठीण मुद्दा बाप्तिस्म्याचाच होता. अँग्लिकन, मेथडिस्ट व प्रेस्बिटेरियन परंपरा अर्भकाचा बाप्तिस्मा मानतात. बॅप्टिस्ट व ब्रदरन परंपरा समजत्या वयातील श्रद्धेनंतरचा बाप्तिस्मा मानतात. नव्या चर्चने दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य केल्या. वारसा की निर्णय, हा प्रश्न एकाच उत्तराने न सोडविता दोन्ही उत्तरांना एका छताखाली जागा देण्यात आली.

कॅथलिक व्यवस्थेत वर्धा जिल्हा १९६२ पासून चांदा येथील सिरो-मलबार धर्मप्रांताच्या कक्षेत आला. या पौर्वात्य परंपरेत बाप्तिस्मा व तैलाभ्यंग एकत्र देण्याची जुनी रीत आहे. केरळातून आलेल्या कुटुंबांत पवित्र गुरुवारी घरचा वडीलधारा बेखमीर अप्पम मोडून सर्वांना वाटतो. असे हे विधी शेजारी-शेजारी चालतात. त्यांची भाषा, संगीत व पंक्ती वेगळ्या असल्या तरी ईस्टरच्या रविवारी परस्परांना दिला जाणारा अभिवादनाचा आशय एकच असतो, ख्रिस्त उठला आहे.

निष्कर्ष :

१) बाप्तिस्मा व ईस्टर हे मुळात एकाच अर्थाचे दोन भाग आहेत. अर्भकाचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाल्यावर त्यांचा कालसंबंध सुटला. विसाव्या शतकातील उपासनासुधारणेने तो अंशतः पुन्हा जोडला.

२) मराठी प्रदेशात बाप्तिस्म्याला जात, वारसा व विवाह यांमुळे सीमारेषेचा अर्थ आला. टिळक दांपत्याच्या जीवनात त्या सीमारेषेची किंमत आणि ती ओलांडण्याचा प्रयत्न असे दोन्ही दिसतात.

३) वर्धा येथे १९३४ ते १९५६ या काळात झालेल्या चर्चेने बाप्तिस्म्याविना अनुयायित्वाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडला. परंतु त्या चर्चेत बाप्तिस्मा हा बहुधा संख्येचा व समाजबदलाचा प्रश्न म्हणून पाहिला गेला. दलितांच्या स्वनिर्णयाचा आणि मंडळीच्या सहजीवनाचा विचार तुलनेने कमी झाला.

४) स्वातंत्र्योत्तर कायद्यात बाप्तिस्म्याची नोंद वारसा व आरक्षण यांबाबत निर्णायक पुरावा ठरते. संस्काराला असे प्रशासकीय वजन आल्याने श्रद्धा प्रकट करणे हे काही कुटुंबांना जोखमीचे झाले आहे.

५) ईस्टरचे चक्र मात्र या नोंदीपलीकडे चालू राहते. बाप्तिस्म्याने जे तुटले ते उपवास, पहाटेची प्रार्थना, स्मशानभूमीतील फुले व वचनांची पुनरावृत्ती यांतून पुन्हा जोडले जाते.

ख्रिस्ती समाजाचा इतिहास केवळ धर्मांतराच्या आकड्यांवरून लिहिल्यास तो एका दिवसाचा इतिहास होतो. त्या दिवसानंतरची चाळीस-पन्नास वर्षे, म्हणजे चाळीस-पन्नास ईस्टर, अभ्यासकांनी विचारात घेतल्याशिवाय बाप्तिस्मा घेतलेला माणूस कसा जगला हे कळणार नाही. जिल्ह्यातील मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांचे जतन आणि वृद्ध पिढीच्या आठवणींचे संकलन ही त्या दृष्टीने तातडीची गरज आहे.